गिटारच्या पट्टीतून बाहेर: लोकवाद्यं घेऊन मंचावर उतरलेल्या एका इंडी रॉक बँडचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून बँडचं नाव, माणसांची नावं, ठिकाणं आणि गाण्यांची शीर्षकं गाळली आहेत. ज्या तीन गाण्यांवर सगळं अडलं, त्यांना इथे कोराचं गाणं, साझचं गाणं आणि सात मात्रांचं गाणं म्हटलं आहे. कोरा हे पश्चिम आफ्रिकेतलं तुंब्याचं तंतुवाद्य, आणि साझ हे अनातोलियातलं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं, लांब दांडीचं तंतुवाद्य.

पार्श्वभूमी

बँड पाच जणांचा. गायिका ताल गिटार आणि फ्रेम ड्रम वाजवते. मुख्य गिटारवादकाने दोन-तीन वर्षं साझ शिकून घेतलं आहे. बास आणि ड्रम्स नेहमीचे. की-बोर्डवादक अ‍ॅकॉर्डियनही वाजवतो आणि सॅम्पलरही सांभाळतो. पहिला अल्बम सरळ गिटारचा होता. दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या मांडे परंपरेचा एक कोरावादक पाहुणा म्हणून बोलावला, अनातोलियाच्या लोकसंगीतातल्या स्वरवाक्यांवर एक गाणं बांधलं, आणि पश्चिम बल्गेरियातल्या शोप प्रदेशाच्या स्त्रियांच्या दोन आवाजी गायकीचा तुकडा घेऊन तिसरं गाणं रचलं.

गाणी चांगली होती, आणि हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. या प्रकरणातली गडबड सुचण्यात नव्हती, गाणी बांधण्याच्या क्रमात होती. तिन्ही गाण्यांत आधी गिटारची पट्टी ठरली, मग कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) ठरले, मग ड्रम्स, आणि शेवटी लोकवाद्य ‘वरून’ बसवलं गेलं. स्टुडिओत हे खपून गेलं, कारण तिथे प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित होतं आणि न जुळणारा सूर सॉफ्टवेअरने ओढून जुळवता येतो. अल्बमची तारीख ठरली, एका मोठ्या महोत्सवात ४५ मिनिटांची जागा मिळाली, आणि त्याआधी एका छोट्या सभागृहात रंगीत तालीम म्हणून कार्यक्रम लावला.

अडचण

त्या कार्यक्रमात ठरलेल्या ९ गाण्यांपैकी ६ झाली. वेळ वाद्यं लावण्यात गेला, आणि जी गाणी झाली त्यांतलीही तीन बिघडली. रेकॉर्डिंग ऐकून बँडने नोंदी काढल्या. त्यांत एकात एक गुंतलेल्या चार अडचणी दिसल्या.

पहिली पट्टीची. कोराला २१ तारा असतात, आणि त्या सात स्वरांच्या एकाच सप्तकरचनेत लावलेल्या असतात. मधले स्वर वाजवायला पडदे नसतात. बहुतेक वादक कोरा एफमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या पांढरी चारच्या आसपास लावतात. सिलाबा ही लावण्याची पद्धत पाश्चात्य मेजरच्या जवळची आहे, तर सौतामध्ये चौथा स्वर तीव्र होतो. गिटारवादकाला मात्र खालची ई तार मोकळी वाजायला हवी होती, म्हणून गाणं ईमध्ये, पांढरी तीनमध्ये बांधलं होतं. पाहुण्याने स्टुडिओत सगळ्या २१ तारा अर्धा स्वर उतरवल्या.

तारा उतरवल्या की नेमकं काय होतं हे इथे पाहण्यासारखं आहे. कोराची घोडी कातड्यावर उभी असते आणि तारांच्या ताणामुळे ते कातडं सतत थोडं दबलेलं असतं. सगळ्या तारा सैल केल्या की घोडीवरचा भार कमी होतो, कातडं हळूहळू वर येतं, आणि त्याबरोबर आधी लावून ठेवलेल्या तारा पुन्हा चढतात. म्हणून एकविसावी तार लावून होईपर्यंत पहिली सुरातून गेलेली असते. एकाच बैठकीत दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, आणि तरीही कातडं पूर्ण स्थिरावायला रात्र जाते. शिवाय ताण कमी झाल्याने खालच्या तारा लोंबतात, आवाज बोथट होतो. सभागृहात हेच सगळं दोन गाण्यांच्या मध्ये करायचा प्रयत्न झाला.

दुसरी अडचण अ‍ॅकॉर्डियनची. त्याचा सूर धातूच्या पात्यांचा असतो आणि मंचावर तो बदलता येत नाही. युरोपात बनलेली बरीच अ‍ॅकॉर्डियन ए = ४४२ हर्ट्झला, म्हणजे मधला ए सेकंदाला ४४२ कंपनांचा धरून, लावलेली येतात, आणि हेही तसंच होतं. बाकी बँड ४४०ला. फरक साधारण ८ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बाराव्या हिश्श्याइतका. कानाला तो ‘बेसूर’ असा वाटत नाही, पण मधल्या ए स्वरावर सेकंदाला दोन ठोके आणि वरच्या सप्तकात चार ठोके असं थरथरणं ऐकू येतं. त्यात या वाद्याची पाती मुद्दाम किंचित फरकाने लावलेली असल्याने त्याचं स्वतःचं थरथरणं आहेच. दोन्ही मिळून लांब धरलेला प्रत्येक स्वर गढूळ झाला. स्टुडिओत अ‍ॅकॉर्डियनचा ट्रॅक ८ सेंट खाली ओढला होता, म्हणून ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

तिसरी अडचण साझची. साझचे पडदे दांडीवर बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचे असतात आणि सरकवता येतात. गाण्याची चाल ए स्वरावर आधारलेली, आणि तिचा दुसरा स्वर बी आणि बी फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी. एला षड्ज धरला तर हा स्वर कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधला. गाण्याचा सगळा जीव त्यात आहे. गिटारवर मात्र जी मेजर वाजत होता, आणि त्यात बी आहे. ई मायनर वाजत होता, त्यातही बी आहे. त्यामुळे साझ त्या स्वरावर थांबलं की गिटार त्याच्या अंगावर शुद्ध बी टाकायची. साझवादकाने नकळत पडदा वर सरकवून तो स्वर गिटारला जुळवला होता. गाणं सुरात आलं, पण अनातोलियाचं काहीच त्यात उरलं नाही.

चौथी सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्याची. सात मात्रांच्या गाण्यात जो गायकीचा तुकडा होता तो एका जुन्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाच्या सीडीवरून घेतला होता. तुकडा ४ सेकंदांचा. ‘इतकं छोटं घेतलं तर चालतं’ असा बँडचा समज होता. वर तो तुकडा सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला. शोप गायकीत दोन आवाज दुसऱ्या स्वराच्या अंतरावर, अगदी शेजारीशेजारी धरले जातात. एक आवाज आस धरून राहतो, दुसरा त्याला घासत चाल गातो. त्या घासण्यातून जो झणझणीत ठोका निघतो तो गाणाऱ्या बायका कानाने जुळवून आणतात. सॉफ्टवेअरने दोन्ही आवाज सरळ चौकटीत बसवले आणि तो ठोका मेला.

पर्याय

महोत्सवाला फार आठवडे उरले नव्हते. चार वाटा चर्चेला आल्या.

लोकवाद्यं आणि गायकी पूर्ण आधीच मुद्रित केलेल्या ट्रॅकवरून सोडायची, बँडने वर वाजवायचं. तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपी वाट. वाद्यं लावायला वेळ जाणार नाही, मिक्सरवरचे चॅनेल कमी लागतील, गोंगाट परतण्याचा म्हणजे फीडबॅकचा प्रश्न मिटेल. पण सगळी गाणी क्लिकला, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक लयीच्या टकटकीला, बांधली जातात, आणि कोरावादक मंचावरून गायब होतो. गायिकेने हे ठाम नाकारलं आणि ते बरोबरच होतं. ज्याच्या हातातून गाणं आलं तो माणूस मंचावर नाही आणि त्याचा आवाज स्पीकरमधून येतोय, हे श्रोत्याला कळतंच.

दुसरी वाट, प्रत्येक वाद्याला स्वतंत्र वादक. आठ माणसं, जास्त चॅनेल, जास्त प्रवास. बँडच्या आवाक्याबाहेरची.

तिसरी वाट गिटारवादकाची होती: लोकवाद्यांचे भाग गिटार आणि पेडल्सवर बसवायचे. कोराचं गाणं कॅपो (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून पट्टी चढवणारी पकड) लावून बोटांनी वाजवता येतं, साझचा स्वर तार ओढून काढता येतो. हा पर्याय हलका नव्हता. पुष्कळ बँड असंच करतात आणि चांगलं करतात. पण अल्बम निघायचा होता आणि त्यावर खरी वाद्यं होती. श्रोता अल्बम ऐकून येणार आणि मंचावर त्याला दुसरंच गाणं मिळणार.

चौथी वाट उलटी. ज्या वाद्याचा सूर हलवता येत नाही त्याला मूळ धरायचं आणि हलू शकणाऱ्या सगळ्यांनी त्याच्याकडे जायचं. गिटार, बास, सिंथ, आवाज सहज हलतात. अ‍ॅकॉर्डियन अजिबात हलत नाही, कोरा वेळेत हलत नाही, साझचा तो एक स्वर हलवायचाच नाही. या वाटेने गेलं तर तीन गाणी नव्याने बसवावी लागणार होती आणि गिटारवादकाच्या दोन आवडत्या रिफ (पुन्हापुन्हा वाजणाऱ्या छोट्या स्वराकृती) जाणार होत्या.

निर्णय चौथ्याचा झाला, पण एकमताने नाही. गिटारवादक दोन तालमी नाराज होता आणि त्याचं कारणही होतं. मोकळ्या ई तारेवरची रिफ हीच त्या गाण्याची पहिली ठिणगी होती. शेवटी त्याने एक अट घातली: एफमध्ये बसवलेली आवृत्ती आधी पूर्ण वाजवून ऐकायची, मगच रिफ सोडायची. अट योग्य होती, आणि त्यामुळे चर्चा मतांवरून कानावर आली.

काय केलं

*मूळ सूर.* सगळा बँड ए = ४४२ वर गेला. ट्यूनरवर संदर्भ बदलणं एका मिनिटाचं काम आहे, पण तीन जागी हमखास विसरायला होतं. सिंथचं मास्टर ट्यूनिंग वेगळं बदलावं लागतं. सॅम्पलरमधले सगळे स्वरबद्ध तुकडे ८ सेंट वर घ्यावे लागतात. आणि पेडलबोर्डवरचा ट्यूनर बॅटरी बदलली की काही मॉडेलमध्ये आपोआप ४४०वर परततो. ड्रमरच्या सूचनेवरून प्रत्येकाच्या ट्यूनरवर ‘४४२’ लिहिलेली चिकटपट्टी लावली गेली, आणि कार्यक्रमाआधी सगळ्यांनी अ‍ॅकॉर्डियनच्या एवर एकेकाने सूर तपासायचा असा नियम झाला.

*कोराचं गाणं.* गाणं एफमध्ये आलं. गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो, बोटं तीच ईची. मोकळ्या तारेचा घुमार किंचित कमी झाला, पण रिफ जवळजवळ तशीच वाचली. गिटारवादकाच्या अटीतून हेच निघालं: रिफ सोडावी लागणार असं सगळे गृहीत धरून बसले होते, आणि ती सोडावी लागलीच नाही. बासवादकाने खालची तार वर न ओढता एफ पहिल्या पडद्यावरच धरला.

खरा बदल पुढे झाला. कोराच्या वादनात एक फिरती, पुन्हापुन्हा येणारी मूळ आकृती असते, तिला कुंबेंगो म्हणतात. तिच्यामधून सुटणाऱ्या जलद तानांना बिरिमिंतिंगो. आधीच्या बांधणीत ड्रम्स आणि दोन गिटार सगळी जागा व्यापून होते आणि कुंबेंगो मागे किणकिणत होतं. नव्या बांधणीत पहिल्या २४ आवर्तनांत फक्त कोरा, फ्रेम ड्रम आणि बास. गिटार येते ती बिरिमिंतिंगोच्या जागा मोकळ्या ठेवून. दुसरी गिटार गाण्यातून पूर्ण काढली. सप्तकरचना बदलायची वेळ येऊच नये म्हणून कोराची दोन्ही गाणी, हे आणि कार्यक्रमातलं दुसरं, सिलाबात ठेवली. एक स्वर बदलायचा तरी दोन-तीन तारा हलवाव्या लागतात, आणि त्यासाठी ४५ मिनिटांत जागा नाही.

*साझचं गाणं.* पडदा परत मूळ जागी बांधला, आणि दांडीच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण केली. प्रवासात दोरा सरकतो, आणि खूण नसेल तर मंचावर अंधारात तो स्वर शोधत बसावं लागतं. गिटारमधून बी पूर्ण वर्ज्य केला. ए मायनर चालतो, त्यात ए, सी, ई एवढेच स्वर. डी मायनर चालतो. जी मेजरऐवजी फक्त जी आणि डी. ई मायनरऐवजी फक्त ई आणि जी, किंवा नुसता ई. अ‍ॅकॉर्डियन या गाण्यात घेतलंच नाही, कारण त्याच्या डाव्या हाताच्या तयार कॉर्ड-बटणांतून बी चोरपावलांनी परत येतो.

अडकली ती गायिका. तिची सवय शुद्ध बीची, आणि गाण्याच्या ओघात गळा तिकडेच जायचा. सरावाने फार फरक पडेना. मग तिच्या कानातल्या मॉनिटरमध्ये गिटार जवळजवळ शून्यावर आणली आणि साझ सगळ्यांत वर ठेवलं, आणि तो स्वर तिला सापडला. गळा कानामागे जातो. मॉनिटर मिश्रण हा फक्त ‘मला मी ऐकू येऊ दे’ एवढाच प्रश्न नसतो.

*सात मात्रा.* गाण्याचा ठेका रचेनित्सा या बल्गेरियन नाचाच्या धर्तीचा: २-२-३. आपल्याकडच्या रूपकात लांब गट आधी येतो, ३-२-२; इथे तो शेवटी. ड्रमर मोजत होता एक ते सात, आणि त्यामुळे सातवी मात्रा थोडी लांबून ठेका आठाकडे झुकायचा. रॉक ड्रमरचा हा अगदी नेहमीचा घोटाळा. इलाज म्हणून मोजणं बंद केलं आणि ‘छोटं-छोटं-लांब’ असे तीनच आघात धरले. किक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, स्नेअर पाचवीवर, जिथे लांब गट सुरू होतो. क्लिकही बदलला. आधी तो दर दोन मात्रांनी वाजत होता, म्हणजे विषम आवर्तनात एक आड एक आवर्तन उलटा पडायचा. आता क्लिक फक्त गटांच्या सुरुवातीला वाजतो. लय मिनिटाला ३०० मात्रांची, म्हणजे एक आवर्तन १.४ सेकंदांचं. या वेगात सात मोजायला माणूस पुरत नाही, तीन आघात सहज पुरतात.

*मंच.* महोत्सवात आधीचा बँड उतरून हा बँड वाजायला लागेपर्यंत २० मिनिटं. आधीची यादी २२ चॅनेलची होती: ड्रम्स ७, बास १, गिटार २, साझ १, कोरा २, अ‍ॅकॉर्डियन २, फ्रेम ड्रम १, गायन ४, सॅम्पलर २. ती १६वर आणली. ड्रम्सना ५ माइक, एकच गिटार, कोराला फक्त पिकअप (वाद्याला लावलेला, त्याची कंपनं टिपणारा छोटा तुकडा), गायनाचे ३ माइक, सॅम्पलर मोनो. कोराचा माइक काढणं हा सगळ्यांत कटू निर्णय होता. माइकमधून कोरा कितीतरी सुंदर ऐकू येतो, पण मागे ड्रमसेट असताना त्या माइकमध्ये कोरापेक्षा झांजाच जास्त येतात, आणि तुंब्याची पोकळी स्पीकरच्या आवाजाने स्वतःच घुमायला लागते.

साझचा आवाज सभागृहात पत्र्यासारखा आला होता. कारण साधं होतं. त्यातला चिकटवलेला पिएझो पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला होता. पिएझोला पुढे खूप मोठा रोध लागतो, किमान १ मेगाओहम. लाइन इनपुटचा रोध साधारण १० किलोओहमच्या घरात असतो, आणि अशा वेळी खालचे स्वर तिथेच गळून जातात. इक्वलायझरने ते परत येत नाहीत. अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (पिकअपला लागणारा मोठा रोध देऊन त्याचा आवाज मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी) घेतला आणि साझपासून डीआयपर्यंतची केबल ३ मीटरच्या आत ठेवली. कोराला तसाच दुसरा डीआय. कोराच्या चॅनेलवर २०० हर्ट्झच्या जवळ जिथे घुमत होतं तिथे अरुंद खाच मारली. ती जागा नेमकी शोधायला आवाज हळूहळू वाढवत न्यायचा, पहिली शीळ ऐकू आली की थांबायचं, आणि तेवढाच पट्टा ४-६ डेसिबल खाली घ्यायचा.

*गाण्यांचा क्रम.* क्रम आता मूडवरून नाही तर वाद्यांवरून लावला. कोराची दोन्ही गाणी सुरुवातीला, कारण कोरा पडद्यामागे निवांत लावून आणता येतो आणि नंतर दिव्यांच्या उष्णतेने कातडं आवळून सूर चढायला लागतो. मग गिटारची तीन गाणी, त्यात साझ शांतपणे तपासून घेता येतं. मग साझ. शेवटी अ‍ॅकॉर्डियनची दोन. एकूण ८.

*सॅम्पल आणि श्रेय.* यावर बँडने सर्वांत जास्त वेळ दिला आणि तो वाया गेला नाही. लोकगीताची चाल पारंपरिक असली तरी तिचं विशिष्ट ध्वनिमुद्रण कुणाचं तरी असतं, आणि गाणाऱ्याचा त्यावर वेगळा हक्क असतो. १९९६च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सादरीकरण व ध्वनिमुद्रण करारात तर लोककलेची अभिव्यक्ती सादर करणाऱ्यालाही ‘कलाकार’ म्हणूनच धरलं आहे. ‘काही सेकंद चालतात’ असा सरसकट नियम कुठेच नाही. क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या २ सेकंदांच्या सॅम्पलवरून चाललेल्या वादात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९मध्ये सांगितलं की अगदी छोटा तुकडाही परवानगीशिवाय घेता येत नाही, तो कानाला ओळखूच येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. आणि तैवानच्या आमिस समाजातल्या दिफांग या गायकाचं उदाहरण बँडसमोर होतं. त्याचा आवाज एका सांस्कृतिक संस्थेच्या ध्वनिमुद्रणातून १९९०च्या दशकातल्या एका जगप्रसिद्ध पॉप गाण्यात गेला, त्याला विचारलं गेलं नव्हतं, आणि खटल्यानंतर १९९९मध्ये तडजोड झाली.

ज्या संग्रहाचं ते जुनं ध्वनिमुद्रण होतं त्याला परवानगीसाठी पत्र पाठवलं. गाणाऱ्या बायकांचा किंवा त्यांच्या वारसांचा पत्ता वेळेत लागेना. तेव्हा तुकडा काढून टाकला आणि त्या परंपरेत गाणाऱ्या दोन गायिकांकडून नव्याने गाऊन घेतलं. दोघींना वेगळ्या खोल्यांत बसवून, क्लिक देऊन गाऊन घ्यायची मूळ योजना होती. त्यांनी ती पहिल्याच फोनवर मोडीत काढली: समोरासमोर उभं राहिल्याशिवाय दोन आवाजांमधलं ते अंतर लागत नाही. मग एका खोलीत, हातभर अंतरावर उभ्या राहून, दोन माइकवर, क्लिकशिवाय गाणं झालं. बँडने आपली लय त्यांच्या गाण्यावर बसवली. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर त्या ट्रॅकवर उघडलंच नाही. करारात ठरलेलं मानधन, ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नात हिस्सा, नावासह श्रेय, आणि मंचावर सॅम्पल म्हणून वापरायची स्पष्ट परवानगी. हे शेवटचं कलम बहुतेक वेळा विसरलं जातं आणि मग अल्बम कायदेशीर, कार्यक्रम बेकायदेशीर अशी स्थिती होते.

कोराच्या गाण्याचं श्रेय हा जास्त अवघड मामला निघाला. नोंदणीच्या मसुद्यात ‘शब्द व संगीत: बँड’ असं होतं आणि कोरावादक ‘पाहुणा’. पण गाणं ज्यावर उभं आहे ते कुंबेंगो त्याने आणलं होतं. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: मूळ आकृती त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्याची एकट्याची नाही, पण या गाण्यातलं तिचं रूप त्याचं. बँडचा पहिला प्रस्ताव ‘पारंपरिक, संयोजन: बँड’ असा होता, आणि तो फार अन्यायाचा ठरला असता. परंपरेचं नाव पुढे करून हयात माणसाचा वाटा बँडकडे वळवायचा हाच त्याचा अर्थ. ठरलं ते असं: ‘पारंपरिक आकृतीवर आधारित, संयोजन: कोरावादक आणि बँड, शब्द: गायिका’, आणि संयोजनाचा हिस्सा अर्धा-अर्धा.

निष्पत्ती

महोत्सवात ८ची ८ गाणी ४३ मिनिटांत झाली. लाइन चेक, म्हणजे एकेक चॅनेल तपासणं, २० मिनिटांत बसला. साझच्या गाण्यात तो स्वर लागला, आणि अ‍ॅकॉर्डियन आणि गिटार यांच्यातलं थरथरणं गेलं. कोराच्या दुसऱ्या गाण्यात वरच्या दोन तारा किंचित चढल्या होत्या, वादकाने त्या तानांतून टाळल्या.

सगळं नीट झालं असं नाही. संध्याकाळ दमट होती आणि फ्रेम ड्रमचं खरं कातडं सैल पडून आवाज ढप्प झाला. कोराच्या पिकअपचा आवाज स्पष्ट पण कोरडा होता, अल्बममधला उबदारपणा त्यात नव्हता. अल्बमची तारीख नव्या गायनासाठी पुढे ढकलावी लागली. आणि साझच्या गाण्याची अल्बममधली आवृत्ती जुनीच राहिली, पडदा सरकवलेली. मंचावरचं गाणं आणि अल्बममधलं गाणं यांच्यात त्यामुळे एक उघड फरक आहे, आणि साझ जाणणाऱ्या श्रोत्यांनी तो विचारलाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी हुकली ती पहिल्या तालमीच्या आधी. कोणतं वाद्य हलत नाही एवढा एक प्रश्न तेव्हा विचारला असता तर ४४२, एफची पट्टी आणि वर्ज्य बी या तिन्ही गोष्टी एका दुपारी ठरल्या असत्या. स्टुडिओत अ‍ॅकॉर्डियन ८ सेंट खाली ओढलं त्या दिवशी अभियंत्याने ती नोंद बँडला दिली असती तरी चाललं असतं. सूर दुरुस्तीची प्रत्येक नोंद म्हणजे मंचावर येणाऱ्या अडचणीची आगाऊ सूचना असते, ती सत्राच्या फायलीत पुरून ठेवू नये.

साझचं गाणं अल्बममध्ये पुन्हा मुद्रित करायला हवं होतं. तारीख तशीही पुढे गेलीच होती, आणि साझ व गायन एवढे दोनच ट्रॅक बदलून गिटारमधून बी गाळला असता तर काम एका दिवसाचं होतं. बँडने ‘श्रोत्यांना कळणार नाही’ म्हणून ते टाळलं. हा एकच निर्णय आहे जो त्या वेळच्या माहितीवरूनही चुकीचा दिसतो.

कोराच्या माइकबाबत मधला मार्ग होता: तुंब्याच्या छिद्राजवळ बसणारा छोटा क्लिप माइक, तो फक्त सभागृहाच्या स्पीकरला द्यायचा, मॉनिटरला नाही, आणि पहिल्या २४ आवर्तनांत, ड्रमसेट गप्प असतानाच उघडायचा. त्यासाठी १७वा चॅनेल लागला असता. मिक्सर चालवणाऱ्याला गाण्याची बांधणी कागदावर दिली असती तर हे शक्य होतं, पण बँडने फक्त चॅनेल यादी आणि मंचाचा आराखडा पाठवला होता. पुढच्या दौऱ्याच्या कागदपत्रांत आता प्रत्येक गाण्याला एक ओळ आहे: कोणतं वाद्य पुढे, कोणतं बंद, कुठे उघडायचं.

फ्रेम ड्रमला कृत्रिम कातडं लावून झालं आहे. संग्रहाचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि तो जुना तुकडा बँडच्या सॅम्पलरमधून आणि हार्ड डिस्कवरच्या प्रकल्पातूनही पुसला आहे, म्हणजे घाईगडबडीत तो चुकून पुन्हा वाजायला नको.